भोंगा थांबला, झांकी चालली

खाण थांबते, गिरणी बंद पडते. परंतु तिच्या आधाराने वसलेली माणसे एका दिवसात उठून जात नाहीत. 2012 साली लोहखाणी बंद झाल्यावर गोव्यातील आमच्या वाचकांनी याचा अनुभव घेतला. इंदूरने तो वीस वर्षे आधीच घेतला होता.

इंदूर हे माळव्याच्या काळ्या जमिनीतील कापसावर वाढलेले नगर. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकीर्दीत येथे संस्थानची कापडगिरणी निघाली. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सेठ हुकुमचंद यांची गिरणी उभी राहिली. मालवा, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी या गिरण्यांच्या भोंग्यांवर नगराचा दिवस चाले. 12 डिसेंबर 1991 रोजी हुकुमचंद मिल बंद पडली आणि सुमारे 5,900 कामगारांची चूल विझली.

कायदा त्यांच्या बाजूस नव्हता असे नाही. कंपनी कायद्यातील 1985 च्या दुरुस्तीने कामगारांच्या देण्यास तारणधारक धनकोंच्या बरोबरीचे स्थान दिले होते. 2007 साली उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने सुमारे 229 कोटी रुपयांचे देणे मान्यही केले. पण पैसा अडकला होता गिरणीच्या जमिनीत, आणि तिचा उलगडा होईना. अखेर 25 डिसेंबर 2023 रोजी, म्हणजे बत्तीस वर्षांनी, सुमारे 4,800 कामगारांसाठी 224 कोटी रुपये देण्यात आले. कित्येकांच्या वतीने ते त्यांच्या वारसांना घ्यावे लागले.

एवढ्या काळात एक गोष्ट मात्र खंडित झाली नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरणी कामगारांच्या झांक्या निघण्याची सुमारे शंभर वर्षांची प्रथा गिरण्या बंद झाल्यावरही, वर्गणी व साहाय्य गोळा करून, कामगारांनी चालू ठेवली. ज्यांचा पगार गेला त्यांनी आपला संघ जाऊ दिला नाही. पुनरुज्जीवनाचे पहिले भांडवल हेच, असे आम्हांस वाटते.

परंतु निष्ठेने पोट भरत नाही. गोव्याच्या खाणींविषयी सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 रोजी खनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम कायम निधीत टाकण्यास सांगितले, त्यामागील शहाणपण हेच आहे. देवस्थानाचे दूरदर्शी महाजन उत्सवाच्या भरातच जीर्णोद्धाराची शिल्लक बाजूस काढतात. उद्योगानेही भोंगा वाजत असतानाच श्रमिकाचा वाटा वेगळा ठेवावयास हवा. तो थांबल्यावर मिळतो तो केवळ न्याय, आणि तोही उशिरा.