धन, प्रीती आणि बंद दार

कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु एखाद्या काळातील माणसाला काय हवे होते आणि ते मिळवण्यासाठी त्याने काय गमावले, याविषयी सनावळ्या बहुधा मौन पाळतात. तेथे कादंबरी बोलते. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची १९२५ साली प्रसिद्ध झालेली ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही अमेरिकन कादंबरी या जातीची आहे. आज आपण ती इतिहासाचे एक साधन म्हणून हाती घेऊ.

कथानक थोडक्यात असे. नॉर्थ डाकोटातील गरीब शेतकऱ्याचा मुलगा जेम्स गॅट्झ हा नाव बदलून जे गॅट्सबी होतो. १९१७ साली लष्करात अधिकारी असताना लुइव्हिल शहरी डेझी या श्रीमंत घरातील मुलीवर त्याचे मन जडते. तो युद्धावर जातो. १९१९ साली ती टॉम ब्यूकॅनन या गर्भश्रीमंताशी विवाह करते. १९२२ च्या उन्हाळ्यात गॅट्सबी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, खाडीपलीकडे तिचे घर असेल अशा जागी, राजवाड्यासारख्या वास्तूत राहत असतो. गेलेली पाच वर्षे पुसून टाकायची, एवढीच त्याची इच्छा.

आता प्रश्न असा की, युद्धावरून रिकाम्या हाताने परतलेल्या तरुणाजवळ तीन वर्षांत एवढा पैसा आला कोठून? याचे उत्तर त्या वेळच्या कायद्यात सापडते. १७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत मद्याचे उत्पादन, विक्री आणि वाहतूक यांवर बंदी आली. मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध म्हणून मद्य देण्याची मुभा औषधांच्या दुकानांना राहिली. या फटीतून चोरटा व्यापार सुखेनैव आत शिरला. गॅट्सबी आणि त्याचा भागीदार औषधांची दुकाने विकत घेऊन त्यांतून मद्य विकत होते, असे टॉम सांगतो, तेव्हा लेखक काही अद्भुत रचीत नसून डोळ्यांसमोरचा व्यवहारच लिहीत असतो. ही बंदी पुढे ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली.

परंतु गॅट्सबी हा जन्मजात लबाड होता काय? त्याच्या मृत्यूनंतर त्याचा वृद्ध पिता एक जुने पुस्तक दाखवतो. त्यात १९०६ साली मुलाने स्वतःसाठी दिनक्रम लिहून ठेवलेला असतो: पहाटे उठणे, व्यायाम, अभ्यास, दर आठवड्याला थोडी बचत. बेंजामिन फ्रँक्लिनने आपल्या आत्मचरित्रात असाच दिनक्रम दिला आहे. उद्योग आणि काटकसर यांनी कोणीही वर चढतो, हा त्या राष्ट्राचा जुना पाठ या मुलाने मनोभावे गिरवला होता. तो मोठा झाला तेव्हा त्याच्यासमोर उघडी असलेली वाट मात्र चोरट्या मद्याची होती.

आणि या वाटेनेही तो पोचला कोठवर? न्यूयॉर्कच्या हॉटेलातील त्या प्रसंगी टॉम त्याच्या पैशाचा उगम उघडा करतो आणि डेझी मनाने मागे सरते. टॉमच्या पैशाचा उगम तेथे कोणीच विचारीत नाही. जुन्या संपत्तीला हा एक मोठा लाभ असतो: तिचा हिशेब मागण्याची चाल नसते. हाच टॉम गोऱ्या वंशाचे वर्चस्व धोक्यात असल्याचे पुस्तकी दाखले देतो. लोथ्रोप स्टॉडर्ड यांचा तशाच आशयाचा ग्रंथ १९२० साली निघाला होता, आणि १९२४ च्या कायद्याने दक्षिण व पूर्व युरोपातील लोकांचा अमेरिकेतील प्रवेश अतिशय आवळला गेला, आशियातील बहुतेकांचा तर बंदच झाला. घराचे दार आणि देशाचे दार एकाच वृत्तीने लावले जात होते.

लेखकाला हे दार परके नव्हते. त्याच्याजवळ पैसा नाही म्हणून झेल्डा सेअर हिने १९१९ साली वाङ्‌निश्चय मोडला; मार्च १९२० मध्ये पहिली कादंबरी गाजताच एप्रिलमध्ये विवाह झाला. प्रीती तीच, माणसे तीच. मध्ये आला तो पैसा. अशा सुखात शंकेचा काटा राहतोच, आणि तोच या कादंबरीभर सलतो.

ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअरबाजार कोसळला आणि त्या दशकाची झगमग विझली. फिट्झजेराल्ड १९४० साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, आपण अयशस्वी ठरलो असे मानीतच गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना वाटलेल्या स्वस्त आवृत्त्यांत या कादंबरीच्या सुमारे दीड लाख प्रती होत्या. घरी वाट पाहणारी कोणी असेल काय, या विवंचनेत असलेल्या तरुणांच्या हाती ती पडली. गॅट्सबीही असाच एक सैनिक होता. त्याच्या मेजवान्यांना शेकडो माणसे येत. अंत्ययात्रेला बोटांवर मोजण्याइतकी आली, आणि त्यांत डेझी नव्हती.