शेजाऱ्याचे मांजर आणि सरकारचा कोंडवाडा

शेजाऱ्याची गाय आपल्या शेतात शिरली तर काय करावे, याचे उत्तर १८७१ साली कायद्यात लिहिले गेले. शेजाऱ्याचे मांजर आपल्या स्वयंपाकघरात शिरले तर काय करावे, याविषयी तो कायदा गप्प आहे.

वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) हा भाग पूर्वी आर्वी तहसिलीत होता; आज तो नागपूर-अमरावती रस्त्यावरील स्वतंत्र तालुका आहे. हा गवळाऊ गाईंचा मुलूख. पांढरी, सडपातळ, पायाने चपळ अशी ही जात येथल्या डोंगराळ कुरणांवर पोसली गेली. गुरे राखणारा आणि शेत कसणारा एकाच शिवारात नांदत असले की उभ्या पिकावरून तंटा ठरलेलाच.

त्या तंट्यासाठी इंग्रज सरकारने जनावरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला आणि कोंडवाडे उभे राहिले. विदर्भात त्यांना कांजीहाऊसही म्हणत. मूळ कायद्यातील दंडाचे दर वाचनीय आहेत: हत्तीला २ रुपये, उंट किंवा म्हशीला ८ आणे, गाय, बैल किंवा घोड्याला ४ आणे, वासरू, गाढव किंवा डुकराला २ आणे, शेळी-मेंढीला १ आणा. चारापाण्याचा खर्च निराळा. आर्वीच्या शेतात हत्ती कधी शिरणार होता कोण जाणे, पण यादीत त्याची सोय होती. मांजराची नव्हती.

एका परीने ते साहजिकच होते. कायद्याच्या डोळ्यांपुढे पीक होते. शिंक्यावरचे दूध नव्हते. शिवाय मांजराला हाकत कोंडवाड्यापर्यंत नेणार कोण? ज्या घरी ते निजते त्या घराचे ते, की ज्या सात घरी पिले फिरवते त्या साऱ्यांचे, हेही ठरवता येत नाही. दूध सांडले की मात्र सगळ्यांना त्याचा मालक नेमका आठवतो.

भारतीय दंड संहितेचा (१८६०) आधारही तोकडाच होता. जनावराला मारण्याचा वा जायबंदी करण्याचा खास गुन्हा कलम ४२८ खाली येई, पण त्यासाठी जनावराची किंमत किमान दहा रुपये असावी लागे. त्या काळी मांजराचे दहा रुपये कोण लावणार?

मग मांजराला राखत होते ते पापाचे भय. मांजर मारणाऱ्याला काशीस जाऊन सोन्याचे मांजर दान द्यावे लागते, ही समजूत महाराष्ट्रात घरोघर होती. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर मारल्याचे प्रायश्चित्त शूद्रहत्येच्या प्रायश्चित्ताइतके ठरवले आहे. त्यात मांजराचा मान वाढवला आहे असे समजण्याचे कारण नाही. माणसाचे मोल किती खाली आणले होते, तेच त्यातून दिसते. रोजच्या भांडणात मात्र लोक मधली वाट काढत: मांजर पोत्यात घालायचे आणि शिवेपलीकडे सोडून यायचे. पुष्कळदा ते परतही येई.

अशा या उपऱ्या प्राण्याला एकाएकी भाव आला तो प्लेगमुळे. १८९६ मध्ये मुंबईत उतरलेली साथ पुढील काही वर्षांत मध्य प्रांत आणि वऱ्हाडातही पसरली. उंदरांवरच्या पिसवा रोग माणसांपर्यंत आणतात, हे १९०५ नंतरच्या मुंबईतील प्रयोगांनी पक्के झाले. तेव्हा वर्धा नदीपलीकडच्या अमरावतीत सिव्हिल सर्जन असलेल्या अँड्र्यू बुकॅनन यांनी गावोगावची मांजरे मोजली. मांजरे भरपूर असलेली गावे प्लेगातून बऱ्याच अंशी वाचतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी तो मांडला. त्याच वर्षी जपानच्या भेटीत रॉबर्ट कॉख यांनीही मांजरे पाळण्याचा सल्ला दिला.

या हिशेबात मांजर कोणाचे, हा प्रश्नच उरत नव्हता. ते कणगीपाशी, कडब्याच्या गंजीपाशी, साऱ्या आळीत फिरले तरच उपयोगी. शेजाऱ्याला नको असलेली त्याची भटकंती हाच त्याचा गुण ठरत होता.

परंतु ज्याच्या घरी मांजर मेलेला उंदीर तोंडात धरून येई, त्याची भीतीही खोटी नव्हती. उंदराबरोबर पिसवा येतात, आणि मांजराला स्वतःलाही प्लेग होतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत १९७७ ते १९९८ या काळात मांजरांपासून प्लेग झालेल्या २३ माणसांची नोंद आहे. बुकॅनन यांनी मांजरांची गणती मन लावून केली. पण मांजरे जास्त असलेल्या गावांत आणखी काय वेगळे होते, हे त्या आकड्यांतून उलगडत नाही.

दहा रुपयांची ती अट दंड संहितेत पुढेही दीर्घकाळ राहिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये ती नाही. कोणत्याही जनावराला मारणे, विष घालणे वा जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मांजराचा कोंडवाडा मात्र अजून कोणी बांधलेला नाही.