मोटारीच्या ठिणगीची कुळकथा



टॅक्सीचालक आणि गॅरेज-कामगार यांच्या संघटनेत उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटले. माझी शाळा लवकर सुटली. जो काही इतिहास शिकलो तो वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि मेस्त्र्यांच्या संगतीत. तेव्हा राजे आणि लढाया बाजूला ठेवून मी आज एका पत्र्याच्या डब्याची हकीगत सांगणार आहे. हा डबा वीतभरही उंच नसतो. त्याला कॉइल म्हणतात.

१९९६ सालच्या मे महिन्यात आमच्या कचेरीत एक भांडण आले. सातारकडचा एक टॅक्सीचालक आणि त्याचा मेस्त्री. गाडी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी. अर्धा तास धंदा झाला की ती सिग्नलला बंद पडे आणि गार झाली की मुकाट्याने चालू होई. मेस्त्रींनी कंडेन्सर बदलला, मग नवी कॉइल बसविली. गाडी थांबायची राहिली. पण चार दिवसांत पॉइंट जळाले. नवे घातले, तेही जळाले. "दादा, मालकाचं रोजचं भाडं चुकत नाही, आणि गाडी गॅरेजात उभी. मी घरी काय नेऊ?" चालक म्हणाला. मेस्त्री म्हणाले, "पॉइंट बाजारातूनच खोटे येतात, त्याला मी काय करू?" दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. हा गुंता सोडविण्यासाठी मला दीडशे वर्षे मागे जावे लागले.

१८३१ साली फॅरडेने दाखवून दिले की एका वेटोळ्यातील प्रवाह चालू-बंद केला की शेजारच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. १८३६ साली आयर्लंडमधल्या मेनूथ येथील निकोलस कॅलन या धर्मगुरू-प्राध्यापकाने या तत्त्वावर मोठा दाब देणारी कॉइल बांधली. पण नाव झाले रूमकॉर्फचे. हा हानोव्हरकडचा कारागीर पॅरिसला जाऊन शास्त्रीय उपकरणे बनवीत असे. विद्यापीठाची पदवी नाही, हातात मात्र विलक्षण कसब. १८६४ साली तिसऱ्या नेपोलियनने त्याला पन्नास हजार फ्रँकचे पारितोषिक दिले. कॅलनवर अन्याय झाला हे खरे. तरीपण एका कारागिराला सम्राटाने मानले याचे मला, कामगार चळवळीतला म्हणून, थोडे सुख वाटते, ते लपवीत नाही.

१८६० साली लन्वारने आपल्या गॅसच्या इंजिनात ठिणगीसाठी हीच कॉइल बसविली. १८८६ साली बेंझने पेटंट घेतलेल्या तीनचाकीतही कंप पावणारी कॉइल होती. फोर्डच्या १९०८ ते १९२७ या काळातल्या मॉडेल टी गाडीत तर चार सिलिंडरांना चार कॉइली, लाकडी पेटीत बसवलेल्या, मधमाश्यांसारख्या गुणगुणणाऱ्या. ओहायो प्रांतातल्या केटरिंगने हा पसारा आवरला. त्याच्या डेल्को कंपनीची पद्धत १९१० च्या कॅडिलॅक गाडीत आली : कॉइल एकच, तिचा प्रवाह तोडणारे पॉइंट, आणि ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर. पद्मिनीच्या बॉनेटखाली हाच केटरिंगचा संसार होता.

तिची चाल अशी. पॉइंट मिटलेले असताना जाड तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतो. ते उघडले की प्रवाह एकदम तुटतो, आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्ट उसळतात. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. म्हणजे शंभरदा प्रवाह तोडायचा. हा भार त्या दोन इवल्या पॉइंटांवर.

आता मेस्त्रींचे काय चुकले? बारा व्होल्टच्या साध्या कॉइलच्या जाड वेटोळ्याला सुमारे तीन ओहम रोध असतो. चार अँपिअर प्रवाह जातो आणि पॉइंट ते सोसतात. दुसरी जात दीड ओहमची. ती ज्या गाड्यांची, त्यांत वाटेवर आणखी एक रोधक असतो. स्टार्टर मारताना बॅटरीचा दाब उतरतो, त्या वेळी रोधक वगळून कॉइलला थेट वीज देतात, म्हणून ठिणगी जोरदार. इंजिन लागले की रोधक पुन्हा मध्ये येतो. अशी कॉइल रोधकाशिवाय लावली तर आठ अँपिअर धावतात. मग पॉइंट जळणार आणि कॉइल तापणार, दुसरे काय होणार? उलट, रोधकाच्या गाडीत तीन ओहमची घातली की ठिणगीच मरगळते. डबे बाहेरून दिसायला जुळे भाऊ! मी उसना मीटर आणून कॉइलच्या दोन टोकांना लावला. काटा दीडवर.

मेस्त्रींनी मुद्दाम फसविले नव्हते. दुकानदाराने "बारा व्होल्टची" म्हणून दिली, त्यांनी घेतली. चाळीस वर्षे हाताच्या अंदाजावर उत्तम काम केलेल्या माणसाला ओहमचा आकडा कोणी कधी समजावलाच नव्हता, आणि आम्ही संघटनावाले तरी फक्त भाड्याच्या दरावर सभा घेत होतो.

त्या शेवटच्या फियाट टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचा रस्ता सोडला. पण हौसेने जतन केलेल्या गाड्या आहेत, आणि त्यांचे मालक मला अजून विचारतात. त्यांना मी सांगतो : आधी कंडेन्सर बदलून पाहा, तो स्वस्त असतो आणि रोगाची लक्षणे तीच. मग स्विचपासून कॉइलपर्यंतची तार तपासा; वाटेत रोधक आहे का, हे गाडीच गाडीच्या तोंडाने सांगते. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांच्या, ओहमहूनही कमी रोधाच्या कॉइली पॉइंटच्या गाडीला लावू नका. तारांची दिशाही पाहा. फियाटचे ऋण टोक पॉइंटांकडे जाते. ज्या जुन्या विलायती गाड्यांची अर्थिंग धन, त्यांचे उलट. चुकले तरी गाडी चालते, म्हणूनच चूक कळत नाही. ठिणगी तेवढी दुबळी पडते.

भांडण तिथेच मिटले. पॉइंटांचे पैसे मेस्त्रींनी सोडले, तीन ओहमची कॉइल चालकाने आणली, आणि बुडालेल्या धंद्याबद्दल मालकाने दोन दिवसांचे भाडे माफ करावे म्हणून मी त्याच्याकडे गेलो. त्याने एका दिवसाचे केले. ती दीड ओहमची कॉइल मेस्त्रींनी फेकली नाही. गॅरेजच्या फळीवर खिळ्याला टांगली आणि तिच्यावर खडूने आकडा लिहिला.