झोप एक, नावं अनेक

नागपूरच्या मे महिन्यात लॅपटॉप काही न करताही तापतो ना? मग प्रोसेसर खरंच गाढ झोपतोय का, हे बघायचं. पण कोणत्या नावाने?

१९९६च्या एसीपीआय मानकात सी० म्हणजे जागा. सी१, सी२, सी३ म्हणजे वाढत जाणारी झोप. इंटेलने पुढे त्याहून गाढ सी६ आणली, तर कित्येक मशीनचा बायोस तिलाच सी३ सांगे. घ्या! २०१०मध्ये लिनक्सला इंटेल-आयडल ड्रायव्हर मिळाला. तो तेव्हा बायोसवर न विसंबता स्वतःचा तक्ता वापरे. पण त्यानेही नावाला चिपचं शेपूट लावलं: सँडी ब्रिजवर ‘सी६-एसएनबी’, हॅसवेलवर ‘सी६-एचएसडब्ल्यू’. नाव शोधणारी स्क्रिप्ट मशीन बदललं की अडणारच. पुढे ती शेपटं छाटली. आता दोन्हीकडे नुसतं सी६ दिसतं.