'जो-तो'कडून 'हू-व्हिच'कडे

कोपरगाव : 'ज्या शेतकऱ्यांनी अर्ज केले आहेत, त्यांना पाणी मिळेल' हे वाक्य गोदावरी कालव्यांच्या लाभक्षेत्रात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. आवर्तन सुटण्यापूर्वी नमुना क्रमांक ७ चा अर्ज भरणे येथे अंगवळणी पडले आहे. हेच वाक्य इंग्रजीत लिहावयाचे झाल्यास मात्र चांगले शिकलेले लोकही अडखळतात. याचे कारण शब्दसंग्रहाच्या उणिवेत नसून दोन भाषांच्या वाक्यरचनेत आहे.

एखाद्या नामाविषयी अधिक माहिती देणारे गौण वाक्य म्हणजे विशेषण वाक्य. इंग्रजीत त्यास 'रिलेटिव्ह क्लॉज' म्हणतात. मराठीत ते 'जो, जी, जे' या संबंधी सर्वनामांनी जोडले जाते, तर इंग्रजीत 'हू, हूम, हूज, व्हिच, दॅट' या शब्दांनी. राज्यात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले, तरी या रचनेत मराठीची सवय डोकावतेच.

जोडी नको, एकच दुवा

मराठीत 'जो' आला की 'तो' येणे ओघानेच आले. संस्कृतातील 'यद्-तद्' या जोडीचा हा वारसा आहे. शिवाय 'जो'चे वाक्य बहुधा आधी येते. 'जो पेशवा कोपरगावी राहिला, तो १७८३ मध्ये वारला' हे वाक्य घेऊ. साल्बाईच्या तहानंतर कोपरगावी वास्तव्यास आलेल्या रघुनाथराव ऊर्फ राघोबादादांचा येथे उल्लेख आहे. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करणारा विद्यार्थी 'व्हिच पेशवा लिव्ह्ड अ‍ॅट कोपरगाव, दॅट पेशवा डाइड इन १७८३' असे लिहितो. इंग्रजी कानाला हे प्रश्नार्थक वाक्याचे तुटके रूप वाटते.

इंग्रजीत आधी नाम, लगेच त्यामागे विशेषण वाक्य आणि नंतर मुख्य क्रियापद असा क्रम असतो : 'द पेशवा हू लिव्ह्ड अ‍ॅट कोपरगाव डाइड इन १७८३'. येथे 'तो'साठी वेगळा शब्द नाही. 'हू लिव्ह्ड अ‍ॅट कोपरगाव, ही डाइड' यातील 'ही' अनावश्यक ठरतो. त्याचप्रमाणे 'द फॉर्म व्हिच आय फिल्ड इट' यातील 'इट' चुकीचा आहे, कारण त्याचे काम 'व्हिच'ने आधीच केलेले असते.

माणूस आणि वस्तू

मराठी संबंधी सर्वनाम लिंग पाहते; नाम माणसाचे की वस्तूचे हे पाहत नाही. 'जो शेतकरी' आणि 'जो कालवा' दोन्हीकडे 'जो'च. इंग्रजीत उलट आहे. शेतकरी पुरुष असो वा स्त्री, 'हू'. कालव्यासाठी मात्र 'व्हिच'. 'ज्याचा, जिचा, ज्यांचा' या साऱ्यांसाठी 'हूज' पुरतो : 'द फार्मर हूज लँड इज निअर द रिव्हर'.

मराठीत विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय सर्वनामाला किंवा नामाला चिकटते : 'ज्या कालव्यातून आम्हाला पाणी मिळते'. इंग्रजीत ते काम स्वतंत्र शब्द करतो आणि त्याला दोन जागा मिळू शकतात. 'द कॅनॉल फ्रॉम व्हिच वी गेट वॉटर' ही औपचारिक रचना, तर 'द कॅनॉल वी गेट वॉटर फ्रॉम' ही बोलण्यातील. दुसऱ्या रचनेत 'व्हिच' गळला आहे. संबंधी सर्वनाम कर्माच्या जागी किंवा अशा शब्दाशी संबंधित असेल, तर ते असे गाळता येते. कर्त्याच्या जागी असेल तर प्रमाण इंग्रजीत ते गाळू नये.

स्वल्पविरामाची किंमत

खरा धोका मात्र स्वल्पविरामात आहे. मराठीत 'जो'चे वाक्य संपले की स्वल्पविराम देण्याची रीत आहे. त्याने अर्थ बदलत नाही. इंग्रजीत तो बदलतो.

'द फार्मर्स हू हॅव अप्लाइड विल गेट वॉटर' म्हणजे ज्यांनी अर्ज केले त्यांनाच पाणी. 'द फार्मर्स, हू हॅव अप्लाइड, विल गेट वॉटर' म्हणजे शेतकऱ्यांना पाणी मिळेल आणि त्या सर्वांनीच अर्ज केलेले आहेत. पहिल्या वाक्यातील विशेषण वाक्य निवड करते, दुसऱ्यातील केवळ जादा माहिती पुरवते. सूचना, करार किंवा नियम लिहिताना मराठी सवयीने दिलेली ही दोन चिन्हे पात्रतेची अटच पुसून टाकू शकतात.

विशेषनामाची ओळख मुळातच ठरलेली असल्याने तेथे साधारणतः स्वल्पविराम लागतो : 'रघुनाथराव, हू लिव्ह्ड अ‍ॅट कोपरगाव, डाइड इन १७८३'. अशा स्वल्पविरामानंतर 'दॅट' वापरू नये. 'हू' किंवा 'व्हिच'च वापरावे.

चुका नाहीत म्हणजे येते असे नाही

मराठीत विशेषण वाक्य टाळून धातुसाधिताने काम भागवता येते : 'अर्ज केलेले शेतकरी', 'कोपरगावी राहिलेला पेशवा'. अशी सोय असलेल्या भाषकांनी इंग्रजीतही लांब रचना चुकवून छोटी वाक्ये लिहिली तर नवल नाही. अमेरिकी भाषाभ्यासक जॅकलिन शाख्टर यांनी १९७४ मध्ये असाच एक प्रकार दाखवून दिला होता. विशेषण वाक्य नामाच्या आधी ठेवणाऱ्या चिनी व जपानी भाषकांच्या इंग्रजी निबंधांत या रचनेच्या चुका फारसी व अरबी भाषकांपेक्षा कमी होत्या. पण त्यांनी ती रचना वापरलीच कमी होती. तेव्हा वहीत लाल खुणा कमी दिसल्या म्हणून समाधान मानणे योग्य नव्हे.

लिहून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत. विशेषण वाक्य आपल्या नामाला लागून आले आहे काय? 'तो'च्या सवयीने एखादा 'ही' किंवा 'इट' शिरला आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, हे वाक्य काहींची निवड करते की सर्वांविषयी बोलते? स्वल्पविराम द्यायचा की नाही, हे या तिसऱ्या उत्तरावरच ठरते.