यष्टीमागील पंचवीस वर्षें

शतकांची व बळींची नोंद धावफलक आदरानें ठेवतो. परंतु यष्टिरक्षकानें दिवसभर उठबस करून जें वांचविलें, त्यास तेथें रकाना नसतो. सुटलेल्या 'बाय' धावा मात्र न चुकतां मांडल्या जातात. अशा वहीवरून मनुष्याची योग्यता ठरविणें इतिहासकारास शोभत नाहीं.

जनार्दन ज्ञानोबा नवले यांचेंच उदाहरण घ्या. १९०२ सालीं जन्मलेले नवले वयाच्या सोळाव्या वर्षीं हिंदु संघाकडून चौरंगी सामन्यांत उतरले. हिंदु, पारशी, मुसलमान व युरोपियन असे ते धर्मवार आणि वंशवार संघ. राष्ट्राचा संघ कसोटीच्या मैदानावर यावयास अद्याप चौदा वर्षें होतीं. नवल्यांचें ऐन तारुण्य या प्रतीक्षेंत गेलें.

२५ जून १९३२ रोजीं लॉर्ड्सवर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. निसार आणि अमरसिंग यांचा वेगवान मारा नवल्यांनीं यष्टीमागें सांभाळला, आणि कर्णधार नायडूंच्या चेंडूवर जार्डिनचा ७९ धावांवर झेल घेतला. इंग्लंडचा डाव २५९ धावांत संपतांच हेच गृहस्थ नाऊमल जिऊमल यांच्यासह सलामीस गेले व हिंदुस्थानच्या कसोटी इतिहासांतील पहिला चेंडू खेळले. धावा झाल्या १२ आणि १३. सामना १५८ धावांनीं गेला. डिसेंबर १९३३ मध्यें मुंबईच्या जिमखान्यावर ते पुन्हा खेळले. पुढील कलकत्त्याच्या सामन्यांत त्यांच्या जागीं दिलावर हुसेन आले.

दोन सामने, ४२ धावा! एवढ्यावरून निकाल दिल्यास तो अन्यायाचा होईल. कारण १९१८ पासून १९४४ पर्यंत, ६० हून अधिक प्रथम दर्जाच्या सामन्यांत, हे हात यष्टीमागें राबत होते. त्यांच्यानंतरचे दत्ताराम हिंदळेकर १९३६ व १९४६ अशा दोन दौऱ्यांवर गेले. मधलें दशक बव्हंशीं महायुद्धानें गिळलें. त्यांच्याही वाट्यास चारच कसोट्या आल्या. दोष कौशल्याचा नव्हे, काळाचा होता.

१९७९ सालीं नवले निवर्तले. त्यांच्या पिढीस कसोट्यांच्या संख्येनें मोजणें म्हणजे पूल होण्यापूर्वीच्या नावाड्यास पुलावरून किती वेळां गेलास, असें विचारण्यासारखें आहे.