पोरासोरांचे पाक्षिक

मुलांसाठी मासिक काढणे हा उद्योग फार सोपा आहे, अशी एक समजूत प्रौढ माणसांत पुष्कळ दिवसांपासून रूढ आहे. मोठ्यांच्या मासिकातले अवघड शब्द गाळावेत, दोन चित्रे जास्त घालावीत, शेवटी चमचाभर उपदेश ठेवावा, की झाले! या समजुतीपायी किती मासिके जन्मली आणि किती मेली याची गणती कोणी ठेवलेली नाही. म्हणूनच इंग्लंडात १९७८ साली निघालेल्या आणि सत्तावीस वर्षे जगलेल्या एका पाक्षिकाची हकीकत मला सांगावीशी वाटते. त्याचे नाव ‘स्मॅश हिट्स’. विषय पॉप संगीत; वाचक तेरा-चौदा वर्षांची मुले, आणि त्यांतही मुली अधिक. पॉप संगीत म्हटले की आपल्यातले पुष्कळ लोक कानांवर हात ठेवतात. ठेवोत बापडे, त्या गाण्यांची वकिली मी येथे करणार नाही. मला नवल वाटते ते त्या कागदाचे.

गाणे कानी पडले, की त्याचे शब्द हाती असावेत, ही भूक मात्र फार जुनी. सतराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर एकाच बाजूने छापलेले गाण्यांचे कागद विकले जात. वर एखादे लाकडी ठशाचे ओबडधोबड चित्र, खाली जाड काळ्या अक्षरांत कवन, आणि चाल म्हणून स्वरलेखन नव्हे, तर कोणत्या ठाऊक असलेल्या गाण्याच्या चालीवर म्हणायचे एवढाच उल्लेख! रोजनिशीमुळे प्रसिद्धीस आलेले सॅम्युएल पीप्स हे आरमारी खात्यातले मोठे अधिकारी. पण या गृहस्थांनी असले अठराशेंहून अधिक कागद हौसेने जमवले, आणि ते केंब्रिजच्या मॉडलेन कॉलेजात आजही जपून ठेवलेले आहेत. आपल्याकडे चित्रपटगृहाच्या दाराशी विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका म्हणजे त्याच भुकेचा दुसरा घास. मी पेशाने मास्तर. मुलांच्या वह्यांची शेवटची पाने मला तोंडपाठ असतात. वही पुढून गणिताची आणि मागून गाण्यांची!

ही भूक धंदेवाल्यांना कळली नव्हती असे नाही. १९५२ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने सुमारे वीस दुकानांना फोन करून कोणत्या तबकड्या अधिक खपल्या हे विचारले आणि बारा गाण्यांची क्रमवारी छापली. इंग्लंडातील ही पहिली ‘चार्ट’. जर्मनीत म्युनिक येथे १९५६ साली ‘ब्राव्हो’ निघाले. त्याने १९५९ पासून जी युक्ती योजली तिला मी मनापासून दाद देतो. नटनट्यांचे माणसाएवढे उंच चित्र घ्यायचे, त्याचे तुकडे करायचे, आणि एकेका अंकात एकेक तुकडा द्यायचा. पहिला मान ब्रिजित बार्दो हिचा. आता विचार करा, गुडघ्यापर्यंत आलेली नटी भिंतीवर चिकटवल्यावर पुढचा अंक न घेण्याची छाती कोणत्या मुलाला होईल? चित्र म्हणजे केवळ पाहण्याची वस्तू नव्हे, ती घराच्या भिंतीवर जाणारी वस्तू आहे, हे त्या जर्मन मंडळींनी ओळखले होते. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केली. त्यांची मुखपृष्ठे कापून चौकटीत बसवणाऱ्या आपल्याकडच्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्या कथानायकाकडे वळू. निक लोगन हा १९७३ ते १९७८ या काळात त्याच ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’चा संपादक होता. पत्र नामांकित होते. पण त्याचा कागद वर्तमानपत्राचा, चित्रे बहुतेक काळी-पांढरी, वाचून ठेवले की बोटांना शाई. आणि लेख? लांबच लांब, विद्वत्तेने आणि खवचटपणाने भरलेले. लिहिणारे तरुण पुरुष आणि वाचणारेही बहुधा तसेच. लोकप्रिय झालेल्या गायकाकडे तिथे संशयाने पाहिले जाई. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फरुख बुलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला. त्याच्या ‘क्वीन’ या मंडळीचीसुद्धा या पत्राने यथेच्छ टर उडवली होती. अशा पत्रात शाळेतून घरी येऊन रेडिओ लावणाऱ्या मुलीला जागा कोठून असणार?

लोगनने नोकरी सोडली आणि घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून एका नव्या मासिकाचा कच्चा नमुना तयार केला. तो घेऊन तो पीटरबरो या गावच्या ‘ईमॅप’ कंपनीकडे गेला. ही कंपनी प्रांतिक वर्तमानपत्रे काढणारी; गळ टाकून मासे धरणाऱ्यांचे आणि मोटारसायकलवाल्यांचे साप्ताहिक ही तिची भरवशाची दुभती जनावरे. लंडनच्या संगीतपंडितांशी तिचा काही संबंध नव्हता, आणि माझ्या मते तेच पथ्यावर पडले. मासे धरणाऱ्याला काय हवे असते ते नेमके देणे, एवढाच धडा तिने गिरवला होता. आधी ‘डिस्को फीव्हर’ असे नाव घाटत होते. ते टळले हे बरे झाले, नाही तर डिस्कोची साथ ओसरताच मासिकही ओसरले असते. चाचणीचा एक अंक काढून पाहिला आणि १९७८ च्या नोव्हेंबरअखेर ‘ब्लाँडी’ या मंडळीचे छायाचित्र मुखपृष्ठावर घेऊन ‘स्मॅश हिट्स’ देशभर विक्रीस आले. संपादक म्हणून नाव होते ख्रिस हॉल. नामांकित पत्राचा माजी संपादक पोरकट मासिक काढतो, हे चारचौघांत कळू नये म्हणून की काय, लोगनने हे टोपणनाव घेतले होते.

मासिक उघडले की पहिल्यांदा दिसत ते गाण्यांचे शब्द. ज्या गाण्याची चलती आहे ते संपूर्ण, सुवाच्य टाइपात, शेजारी गाणाऱ्याचे रंगीत छायाचित्र. गाण्यांच्या मालकांची परवानगी घेऊन छापलेले, म्हणून अचूक. रेडिओला कान लावून वहीत उतरवलेले अर्धेमुर्धे नव्हे. कागद गुळगुळीत. मधल्या जोडपानावर मोठे चित्र, कारण तिथल्या टाचण्या उचकटल्या की ते अखंड निघते. हे सारे ऐकायला सोपे वाटते. पण त्या काळी संगणक नव्हते. जुळणी होऊन आलेल्या मजकुराच्या पट्ट्या धारदार पात्याने कापायच्या, गोंद लावून तक्त्यावर सरळ रेषेत चिकटवायच्या, शब्द वाढला तर पुन्हा सोलून काढायच्या. रंगीत छपाईत चार रंगांचे चार वेगळे पत्रे. त्यांपैकी एक केसभर सरकला, तर चित्रावर पांढऱ्या बारीक अक्षरांत घातलेले कडवे बुजून जाते. आणि बुजलेले कडवे म्हणजे फसवलेले गिऱ्हाईक! स्टीव्ह बुश हा त्याचा मांडणीकार पुढे त्याच पाक्षिकाचा संपादकही झाला. चित्रकार संपादकाच्या खुर्चीत बसतो ही गोष्ट साध्या घरची नव्हे.

वाचकांच्या पत्रांच्या पानाची गंमत तर आणखी न्यारी. पत्रे साध्या टाइपात आणि उत्तरे जाड काळ्या टाइपात छापली जात. त्यावरून उत्तर देणाऱ्याचे नावच पडले ‘ब्लॅक टाइप’! छापखान्यातल्या खिळ्याला माणूसपण आले आणि देशभरची मुले त्या न दिसणाऱ्या गृहस्थाशी भांडू लागली. गायकांना विचारायचे प्रश्नही असेच: मंगळवारचा रंग कोणता? ऐकून हसू येते, पण पढवलेली उत्तरे देणाऱ्या बड्या गायकाला असा प्रश्न घातला, की तो एक क्षण तरी खरे बोलतो. १९८७ च्या निवडणुकीआधी पंतप्रधान थॅचरबाईंचीही मुलाखत टॉम हिबर्ट या लेखकाने याच पाक्षिकासाठी घेतली. ज्यांना मतदानाचा हक्क नाही अशांच्या अंकात बाई हजर झाल्या! आणि नील टेनंट नावाचा साहाय्यक संपादक गायकांची मुलाखत घ्यायला १९८३ मध्ये न्यूयॉर्कला गेला, तिथे आपल्या आवडीच्या ध्वनिमुद्रकाला भेटला, आणि दोन-तीन वर्षांत ‘पेट शॉप बॉइज’चा गायक होऊन स्वतःच मुखपृष्ठावर जाण्याच्या लायकीचा झाला.

१९८० च्या मे महिन्यात लोगनने स्वतःची पुंजी घालून ‘द फेस’ हे दुसरे मासिक काढले. हे थोरल्या भावंडांचे. तिथे नेव्हिल ब्रोडी हा मांडणीकार आला. त्याने स्वतः नवी अक्षरे आखली. अनुक्रमणिकेच्या मथळ्याचे अक्षर अंकागणिक असे झिजवत नेले, की अखेरीस नुसत्या खुणा उरल्या. १९८८ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्याच्या कामाचे प्रदर्शन भरवले. मानाजोगे काम होते, वादच नाही. मांडणीकलेच्या इतिहासात पान मिळाले ते ‘द फेस’ला, धाकट्या पाक्षिकाच्या वाट्याला फार तर तळटीप. मला हा न्याय पटत नाही. जाणत्या तरुणाला चकित करणारे पान आखणे कठीण, हे मान्य. पण तेरा वर्षांच्या मुलीने रात्री पांघरुणात घेऊन वाचावे, दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला दाखवावे, आणि जिथे तिला कोणी मूर्ख समजलेले नाही, असे पान आखणे त्याहून कठीण. पहिल्या कामाला पारखी भेटतात. दुसऱ्याला भेटतात ते फक्त वाचक.

ते मात्र भरभरून भेटले. १९८९ च्या सुमारास, कायली मिनोग आणि जेसन डोनोव्हन यांच्या गाण्यांचा सुकाळ होता तेव्हा, अंकाचा खप दहा लाखांवर गेला. मग ओहोटी लागली. दूरचित्रवाणीवर दिवसरात्र गाणी दिसू लागली, प्रतिस्पर्धी मासिके आली, आणि पुढे इंटरनेटवर कोणत्याही गाण्याचे शब्द फुकट मिळू लागले. ज्या एका वस्तूसाठी मुले पैसे मोजत होती तीच फुकट झाल्यावर पाक्षिकाने काय विकावे? खेळणी आणि नव्या रूपाचे प्रयोग करून पाहिले गेले. २००६ च्या फेब्रुवारीत शेवटचा अंक निघाला.

जुने अंक आजही विकत मिळतात. घेणारे आता पन्नाशी-साठीचे. ते प्रथम अंक मध्यावर उघडतात आणि टाचण्यांजवळचे जोडपान जागेवर आहे का ते पाहतात. बहुधा नसते.